मुलाखतीची तारीख



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या आपल्या सरांनी मला नववीत मराठी आणि दहावीत इंग्रजी शिकवले. या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांनी साहित्य, इतिहास, समाजकारण अशा विषयांवर विचार मांडले आहेत. मी एक बालरोगतज्ज्ञ. आयुष्यातील चौतीस वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात काढून आता वर्षातील सहा महिने टिळकवाडीतल्या जुन्या घरी राहतो. संस्थेचे पत्र आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न पडला. मग ध्यानात आले की गेली दोन-तीन वर्षे गावात मला भेटायला येणारे पालक बहुधा एकच गोष्ट विचारतात. कोणाची नात अमेरिकेची नागरिक आहे आणि सध्या इकडे राहते, कोणाचा मुलगा मस्कतला वाढला आणि त्याला अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. अर्ज भरता येतो, परीक्षा देता येते. पण मुलाखतीची तारीख येते आणि मूल हजारो मैलांवर असते, तेव्हा काय करावे? विषय लहान आहे, व्याख्यानाला शोभेल की नाही याची शंका आहे. तरी जे अनुभवले ते सांगावे, असे ठरवून आलो आहे.

अमेरिकेतील पद्धत प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील नीटच्या गुणवत्ता यादीची सवय झालेल्यांना ती चमत्कारिक वाटते. तेथे बारावीनंतर वैद्यकीय शाखेकडे जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि मग बहुतेक महाविद्यालयांसाठी मिळून एकच मध्यवर्ती अर्ज. तो साधारण मे महिन्यात भरायला घेतात आणि मेअखेर वा जूनच्या आरंभी दाखल करतात. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालय आपापले वेगळे प्रश्न पाठवते. मुलाखती ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात आणि पुढील फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. मुलाखतीशिवाय कोणालाही घेत नाहीत. ज्या वर्षाची हकीकत मी सांगणार आहे, त्या २०१८ साली ५२ हजारांहून अधिक अर्जदार होते आणि प्रत्यक्ष प्रवेश झाले सुमारे २१ हजार ६००.

यातली मेख अशी की बरीच महाविद्यालये सर्व मुलाखती संपेपर्यंत थांबत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रवेश द्यायला आरंभ होतो आणि जागा एकेक करून भरत जातात. म्हणजे सप्टेंबरात मुलाखत दिलेल्यासमोर सारा वर्ग रिकामा असतो. फेब्रुवारीत दिलेल्यासमोर उरलेसुरले बाक असतात. मुलाखतीची तारीख ही केवळ सोयीची बाब नाही, हे यावरून दिसेल. आणि ही तारीख जो आधी उत्तर देईल त्याला आधी मिळते. बोलावणे संगणकावर येते, सोबत रिकाम्या दिवसांची यादी असते, आणि चांगले दिवस काही मिनिटांत संपतात.

आता घड्याळाकडे पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ते संध्याकाळी पाचला बंद होते तेव्हा येथे रात्रीचे अडीच. म्हणजे त्यांचा कामाचा दिवस ही आपली झोपेची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग साडेनऊ तासांचे अंतर साडेदहा होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पूर्ववत. पश्चिम किनारा आणखी तीन तास दूर. शिवाय ॲरिझोनासारख्या राज्याचा बहुतेक भाग घड्याळाला हातच लावत नाही.

माझी धाकटी मुलगी तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली. पदवीनंतर तिने एक वर्ष येथे येऊन काम करायचे ठरवले. आपल्या जिल्ह्यात माता व बालकांच्या आरोग्याविषयी जे संशोधन झाले आहे, त्याची बाहेरच्या जगाला जेवढी माहिती आहे तेवढी आपल्याला नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव एका स्वस्त गोळीने कितपत टळतो, याचा अभ्यास बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १ हजार ६२० स्त्रियांवर झाला आणि २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोळी मिळालेल्या स्त्रियांत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. मुलीने महाविद्यालयात असताना तो लेख वाचला होता आणि त्यात आजीच्या गावाचे नाव पाहून ती हरखून गेली होती. तशाच प्रकारच्या एका कामात तिला जागा मिळाली. जून २०१८ मध्ये अर्ज दाखल करून जुलैत ती माझ्या आईकडे राहायला आली. आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती.

अठरा महाविद्यालयांकडे अर्ज गेले होते. पहिले बोलावणे १० ऑक्टोबरच्या रात्री पावणेदोन वाजता आले. घटस्थापनेचा दिवस होता तो. मुलगी झोपेत होती. सकाळी सातला ती खानापूर तालुक्यातल्या वाडीकडे निघाली. तेथे दूरध्वनीला रेंज नव्हती. संध्याकाळी घरी येऊन पाहते तो दोनच तारखा शिल्लक. एक १६ ऑक्टोबर, दुसरी फेब्रुवारीच्या अखेरीस. फेब्रुवारीचा अर्थ तिला ठाऊक होता. तिने सोळा तारीख घेतली आणि मग मला ओहायोत फोन केला.

अर्जावर तिने आमचा ओहायोचा पत्ता दिला होता. त्यामुळे कार्यालयाच्या दृष्टीने ती चार-पाच तासांच्या मोटारीच्या अंतरावर राहणारी मुलगी होती. मी म्हणालो, "अगं, त्यांना लिही की तू भारतात आहेस आणि आठ-दहा दिवस हवेत." ती म्हणाली, "बाबा, तसं लिहिलं तर त्यांना वाटेल की मी आतापासूनच सबबी सांगते आहे." मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मलाही आतून तसेच वाटत होते.

तेरा तारखेला रात्रीच्या बसने ती मुंबईला गेली. चौदाच्या रात्री विमानात बसली, पंधराला पहाटे न्यूअर्कला उतरली, तेथून दुसरे विमान, संध्याकाळी हॉटेल. सोळाला सकाळी आठ वाजता ती नव्या कोटात इतर उमेदवारांबरोबर बसली होती. सकाळ बरी गेली. दुपारी दोनला एका वयस्क प्राध्यापकांनी तिला वाडीतल्या कामाविषयी विचारले. ज्या विषयावर ती आमच्याशी तासन्‌तास बोलत असे, त्यावर तिला चार वाक्येही सुचली नाहीत. तिच्या देहाच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा झाले होते. प्राध्यापकांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. डिसेंबरात नकार आला.

येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओहायोतील एका महाविद्यालयाच्या वतीने मी स्वतः नऊ वर्षे उमेदवारांच्या मुलाखती घेत होतो. हे विनावेतन काम असते, आणि त्याचा मला अभिमानही होता. मुलगी फोनवर रडत होती तेव्हा मला एकाएकी एक मुलगा आठवला. माझ्यासमोर बसून त्याने तीनदा जांभई दाबली होती. त्याच्या कागदावर मी ‘उत्साहाचा अभाव’ असे लिहिले. तो कोठून आला होता, रात्री कोठे झोपला होता, हे विचारण्याचे मला सुचले नाही. समितीत त्याच्यावर चर्चा झाली तेव्हाही मी तेच शब्द वाचून दाखवले. त्याचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

आणि हे सुचू नये असे माझे पूर्वायुष्य तरी होते काय? मी १९८०च्या दशकात निवासी डॉक्टरच्या जागेसाठी येथून पत्रे पाठवत होतो. एका रुग्णालयाने मुलाखतीचे बोलावणे विमान-टपालाने धाडले. ते हाती पडले तेव्हा त्यातील तारीख उलटून चार दिवस झाले होते. ट्रंक कॉल लावून मी अर्धा दिवस टपाल कार्यालयात बसलो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसरी तारीख दिली. त्या बाईंच्या उपकारावर माझे चौतीस वर्षांचे परदेशातील आयुष्य उभे आहे. पण खुर्ची बदलली की माणूस असले विसरतो.

दिवाळीच्या आसपास तीन बोलावणी लागोपाठ आली. दोन निश्चित तारखांची होती, १३ नोव्हेंबर आणि ४ डिसेंबर. तिसऱ्या महाविद्यालयाने कळवले की ५ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता तारखांची यादी उघडेल. त्या धनत्रयोदशीच्या रात्री मुलगी बरोबर साडेनऊला संगणकासमोर बसली, आणि यादी काही उघडेना. एक दिवस आधीच तिकडे घड्याळ मागे गेले होते, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिले नव्हते. तासभर ती तशीच बसून राहिली आणि साडेदहाला तिला १७ जानेवारी मिळाली. नोव्हेंबरातील ही चूक निरुपद्रवी, कारण माणूस तासभर आधी पोहोचतो. मार्चमध्ये हीच चूक केली तर तासभर उशीर होतो. म्हणून मी पालकांना सांगतो की प्रत्येक निरोपात दोन्ही ठिकाणची वेळ आणि तारीख लिहा, आणि शक्य तर समोरच्याकडूनही तशीच लिहून घ्या.

पण खरा पेच नोव्हेंबर-डिसेंबरचा होता. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन फेऱ्या करायच्या, तर भाडे दुप्पट आणि रजाही दुप्पट. त्यात ऑक्टोबरच्या शेवटी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. मी ओहायोहून येऊन पोहोचलो होतो, परंतु आईला उठवायला, बसवायला नातच लागे. माझ्या हातून ते तिला चालत नसे.

त्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही पत्राचा मसुदा करायला बसलो. मुलीने लिहिलेले पत्र दीड पानांचे होते. प्रारंभी आभार, मग त्या महाविद्यालयाची थोरवी, मग आजीचा आजार, मग क्षमायाचना, आणि विनंती कोठे आहे ती सापडेना. मला एकदम सर आठवले.

आपल्यापैकी ज्यांनी सरांकडे अर्जलेखन शिकले त्यांना तांबडी पेन्सिल आठवत असेल. रजेचा अर्ज असो की शुल्कमाफीचा, सर ‘कृपावंत होऊन’ आणि ‘आपला नम्र सेवक’ यांवर काट मारत. अर्ज वाचणारा मनुष्य उभ्याने वाचतो आहे असे समजून लिहा, असे ते म्हणत. मी कोण, मला काय हवे, कशासाठी हवे आणि केव्हापर्यंत कळले पाहिजे, एवढेच लिहा. मोठेपणा वाचणाऱ्याला द्यायला जाऊ नका, त्याला वेळ द्या. मला स्वतःला त्यांनी एकदा तोच अर्ज तीन वेळा लिहायला लावला होता. शुल्कमाफीचा अर्ज होता तो, आणि मागायची लाज वाटत असल्यामुळे मी त्यात विनंती सोडून सर्व काही लिहिले होते.

मुलीच्या पत्राची आम्ही पाच वाक्ये केली. मी अमुक उमेदवार, सध्या भारतात बेळगाव येथे काम करते. १३ नोव्हेंबरला माझी आपल्या भागातच दुसरी एक मुलाखत आहे. ४ डिसेंबरऐवजी १४ ते २० नोव्हेंबर यांपैकी एखादा दिवस मिळाल्यास मला एकाच प्रवासात दोन्ही ठिकाणी येता येईल. घरी आजी शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळून आहे, म्हणून दोनदा येणे कठीण आहे. बदल शक्य नसल्यास मी ४ डिसेंबरला उपस्थित राहीन.

शेवटचे वाक्य मुलीला नको होते. त्याने विनंतीचे बळ जाते, असे तिचे म्हणणे. मी आग्रह धरला, कारण त्या वाक्यामुळे कार्यालयातील व्यक्ती मोकळेपणाने नाही म्हणू शकते, आणि ज्याला नाही म्हणता येते तोच मनापासून हो म्हणतो, असे मला वाटते. पत्र रात्री साडेनऊला गेले. पावणेअकराला उत्तर आले. १६ नोव्हेंबर, शुक्रवार, चालेल का? खाली एक ओळ होती: आजींना लवकर बरे वाटो. ते कार्यालय तारखा लावणाऱ्या एकाच बाईंच्या भरवशावर चालत होते, हे मुलीला तेथे गेल्यावर कळले. सातशेहून अधिक मुलांचे वेळापत्रक त्या एकट्या सांभाळत होत्या आणि रद्द झालेल्या तारखांची एक वही त्यांनी टेबलावर ठेवलेली होती.

पाडव्याच्या दिवशी मुलगी निघाली. चार दिवस आधी पोहोचली, एका मैत्रिणीकडे राहिली, झोप पुरी केली. कोट आणि कागद हातातल्या पिशवीत ठेवले होते, कारण सामानाचा भरवसा धरण्याचे दिवस ते नव्हेत. तेरा तारखेची मुलाखत ठरावीक पद्धतीची, दोन प्राध्यापकांसमोर. सोळाची मात्र निराळी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात निघालेली आणि २००४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही रीत आता बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. उमेदवार एका दारातून दुसऱ्या दारात असा आठ-दहा खोल्यांतून फिरतो. दारावर प्रश्न वाचायला दोन मिनिटे, आत बोलायला सुमारे आठ. आत बसलेल्या परीक्षकाजवळ उमेदवाराचा अर्ज बहुधा नसतोच; एकाचा पूर्वग्रह दुसऱ्याला लागू नये हा हेतू. हेतू उत्तम आहे. पण त्यामुळेच आपण कोठून आलो, किती जागलो, हे तेथे कोणालाही माहीत नसते आणि सांगायला वावही नसतो. जे सांगायचे ते आधी कार्यालयालाच सांगावे लागते. ही गोष्ट मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

एकोणीसला ती परत आली. आई काठी घेऊन चालू लागली होती. डिसेंबर चांगला गेला.

जानेवारीच्या दहा तारखेपासून आईची प्रकृती एकदम ढासळली. फुप्फुसात संसर्ग होता. सतरा तारखेच्या मुलाखतीसाठी तेराला निघणे भाग होते. आई शुद्धीवर असताना म्हणाली, "जा गं, तुझी परीक्षा आहे. मी कुठं पळून चाललेय?" मुलीने पुन्हा तशीच पाच वाक्ये लिहिली. या वेळी उत्तर आले की सर्व तारखा भरल्या आहेत, बदल होऊ शकत नाही. उत्तर सौजन्याचे होते. तिसऱ्या महाविद्यालयाबद्दल माझी तक्रार नाही. वेळापत्रक कोठेतरी संपतेच. तिने मुलाखत सोडली. तिला जे पहिल्या पसंतीचे वाटत होते ते हेच महाविद्यालय होते. मी तिला जा असेही म्हणालो नाही आणि राहा असेही नाही. बाप म्हणून काहीतरी म्हणायला हवे होते, असे पुढे अनेकदा वाटले. पंधरा तारखेला पहाटे आई गेली. मुलगी तिच्या उशाशी होती.

फेब्रुवारीत १६ नोव्हेंबरच्या महाविद्यालयाकडून प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. आज ती तेथून शिकून बाहेर पडली आहे.

यानंतर वर्षभरातच सर्व चित्र पालटले. मार्च २०२० मध्ये महामारीने विमाने थांबली आणि महाविद्यालयांनी मुलाखती संगणकाच्या पडद्यावर घ्यायला आरंभ केला. भाडे नाही, हॉटेल नाही, परदेशातल्या मुलाला तर पर्वणी. माझ्या बहिणीच्या नातवाने अशी मुलाखत बेळगावातून दिली. रात्री साडेनऊला सुरू झाली ती पहाटे अडीचपर्यंत चालली. वर कोट, खाली लुंगी. इन्व्हर्टर दुपारीच तपासून ठेवलेला. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी त्याचे काका बिस्किटांचा पुडा घेऊन दाराशी बसलेले. पण रात्रीचे अडीच ते रात्रीचे अडीचच. प्रवास टळला तरी घड्याळ टळले नाही. अनेक महाविद्यालयांनी हीच पद्धत पुढे ठेवली, काहींनी पुन्हा प्रत्यक्ष बोलावणे सुरू केले, काही ठिकाणी निवड उमेदवारावर सोपवतात. म्हणून अर्ज करतानाच प्रत्येकाची रीत विचारून घ्यावी. निवड आपल्या हाती असेल आणि पहाटेची वेळ पदरी येत असेल, तर त्या देशाच्या सकाळची वेळ मागावी. आपल्याकडे ती संध्याकाळ असते आणि डोके ठिकाणावर असते.

आपल्याकडे आनंदीबाई जोशींचे नाव अशा प्रसंगी निघते. जून १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी राहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. पत्रव्यवहारातून प्रवेश ठरला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्या पत्रात त्यांनी आपली अडचण आणि आपली मागणी दोन्ही सरळ लिहिली होती, आणि अठरा वर्षांच्या त्या मुलीला त्याची लाज वाटली नव्हती. माझ्या मुलीला वाटली, मला माझ्या शुल्कमाफीच्या वेळी वाटली, आणि गावात भेटणाऱ्या हुशार मुलांनाही वाटते, असे मी पाहतो. आपण दूर आहोत हे सांगणे म्हणजे कमीपणा, असे ती मुले समजतात आणि चार दिवसांत अर्धी पृथ्वी ओलांडून झोपमोडीच्या डोळ्यांनी परीक्षकासमोर जाऊन बसतात. परीक्षक मग कागदावर काय लिहितो, ते मी आपल्याला सांगितलेच आहे.

वेळ बराच झाला. ज्यांच्या घरात असा उमेदवार आहे त्यांच्यासाठी मी उद्या सकाळी दहा ते बारा शाळेच्या वाचनालयात बसणार आहे. येताना मुलांनी बोलावण्याचे पत्र आणि आपण लिहिलेला मसुदा दोन्ही आणावेत. तांबडी पेन्सिल माझ्याजवळ आहे.